सी-वनला उचललेला पाय

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर मेन स्ट्रेट संपली की सी-वन येतो. वेगाचं उजवं वळण. ३.७ किलोमीटरच्या लॅपमध्ये ड्रायव्हरची हिंमत तिथेच कळते. आमच्या टीमचा ड्रायव्हर, एकोणीस वर्षांचा मुलगा, कोल्हापूरला कार्टिंगमध्ये तयार झालेला, शनिवारी सकाळी तिथून ॲक्सिलरेटर जेमतेम ढिला करून जात होता. अकरा वर्षं मी टुरिंग कार, म्हणजे रस्त्यावरच्या मोटारीपासून केलेल्या शर्यतीच्या गाड्या, बांधतोय. असा पाय मी फार थोड्यांचा पाहिलाय.

दुपारच्या शर्यतीत त्याला मागून एकाने ठोकलं. गाडी फिरली आणि पुढचं डावं चाक टायरच्या भिंतीत गेलं. चाक धरणारा लोअर आर्म वाकला, स्ट्रट (शॉक ॲब्सॉर्बरचा खांब) गेला, हे सगळं जिला जोडलेलं असतं ती सबफ्रेम सरकली. ठोकणाऱ्याला शिक्षा मिळते ती निकालात. दुरुस्तीचा खर्च मात्र ज्याचा त्याने करायचा. हा रिवाज मला कधीच पटलेला नाही.

सबफ्रेम सरकली की नुसते पार्ट बदलून भागत नाही. गाडीच्या दोन्ही अंगांना दोरी ताणायची, रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून अंतर मोजून टो, म्हणजे चाक आत-बाहेर किती वळलंय ते, काढायचा, मग कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल. मग चारही चाकं वजनकाट्यांवर, आणि सीटवर ड्रायव्हरच्या वजनाइतकी वाळूची पोती. एका कोपऱ्याची उंची जरा बदलली की तिरक्या चाकावरचं वजन हलतं, की पुन्हा पहिल्यापासून. पहाटे चारला गाडी शनिवारच्या आकड्यांवर आली. आमच्या दोन्ही मेकॅनिक पोरांनी पाठ टेकली नाही.

चूक माझी झाली ती त्याआधी. मुलाच्या वडिलांची कोल्हापूरजवळ शिरोलीला लहान फौंड्री आहे. त्यांनी विचारलं, "किती?" मी म्हणालो, "सव्वा लाख. टायर वेगळे." मुलगा हेल्मेट हातात घेऊन मागेच उभा होता, हे मी पाहिलंच नाही.

"आणि यात पुढं काय हो?" त्यांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं. टॉम इंग्रम २०१० मध्ये इंग्लंडात जिनेटा ज्युनियर ही पोरांची मालिका जिंकला, ब्रिटिश टुरिंग कारचा चॅम्पियन झाला २०२२ मध्ये. आपल्याकडे पगार देऊन ड्रायव्हर ठेवणारी टीम मी तरी पाहिलेली नाही. चांगली पोरं शेवटी ड्रायव्हिंग शिकवायला लागतात. २०१० पासून पोलो कपसारख्या एकसारख्या गाड्यांच्या मालिका आल्या, तिथे निदान फी आधी कळायची. स्वतःची गाडी घेऊन उतरणाऱ्याच्या खर्चाला तळ नसतो.

"बारा वर्षं," एवढंच ते म्हणाले.

रविवारी तो सहावा आला. संध्याकाळी लॅपटॉपवर मी गाडीतल्या नोंदीतली थ्रॉटलची, म्हणजे ॲक्सिलरेटरची, शनिवारची आणि रविवारची रेघ एकमेकींवर ठेवली. बाकी सगळ्या वळणांवर दोन्ही जुळत होत्या. सी-वनला मात्र रविवारच्या प्रत्येक लॅपला थ्रॉटल पूर्ण बंद, वळणाच्या बऱ्याच आधी. बाजूला गाडी असताना तर आणखी आधी. वळण त्याला येत होतं. ते सव्वा लाख सांभाळत तो चालवत होता.

ट्रेलरवर गाडी चढवताना वडील जवळ आले. "आज घाबरला का हो तो?"

मी म्हणालो, "नाही, टायर गेले होते."

टायर गेलेले नव्हते. गाडी पिटमध्ये आल्याबरोबर त्यांचं तापमान आणि हवा मी स्वतः तपासली होती. ती फाईल माझ्याकडे आहे, आणि पुढच्या राउंडच्या प्रवेशाचे पैसे वडिलांनी काल भरले.