शेणाचं की मेणाचं

दुसरीतल्या त्या मुलाच्या नावापुढे नोंदवहीत ‘परिच्छेद वाचतो’ असा शेरा आहे. तपासणीला आलेल्या बाईंनी दोन मिनिटं ऐकून तो दिला. चिऊ-काऊच्या गोष्टीचं पान त्याने कुठेही न अडखळता म्हटलं होतं. पण बोट ‘पाऊस’वर होतं तेव्हा तोंड ‘वाहून गेलं’पाशी पोचलं होतं. बोटाकडे कुणी बघितलंच नाही. मुलाला पाठ असलेला मजकूर पुढे करून वाचन तपासणं मला अजिबात पटत नाही.

शिकवायला मात्र लोककथा घ्यायची ती मुलांना पाठ असते म्हणूनच. पुढे काय येणार हे ठाऊक असलं की छापील शब्दाची धास्ती वाटत नाही. पण सगळंच अंदाजाने निभावलं तर डोळा अक्षरावर थांबत नाही.

म्हणून पट्ट्या केल्या. पांढरा कार्डपेपर, उंची दोन इंच, काळं मार्कर, दोन शब्दांमध्ये दोन बोटांची जागा. ही जागा कमी पडली की ‘घरशेणाचं’ हा एकच शब्द होतो. वाक्यं चारच: काऊचं घर शेणाचं. चिऊचं घर मेणाचं. मोठा पाऊस आला. काऊचं घर वाहून गेलं. आधी जमिनीवर मांडून सगळ्यांनी बोट लावून वाचायचं, मग पट्ट्या पिसून क्रम लावायचा, मग शब्दांवर कात्री. अक्षरं शेवटी सुटी करायची, तीही मोजक्याच शब्दांची. ‘शे’ची मात्रा ‘श’पासून तोडायची नाही, तोडली की मूल मात्रेलाच अक्षर समजतं.

पट्टीवर ‘शेणाचे’ न लिहिता ‘शेणाचं’च लिहिलं. घरी आजी ‘शेणाचं’ म्हणते, तेच कानात असतं. ‘चे’ लिहिलं तर बोट आणि तोंड यांची फारकत आपणच करतो. बोलण्यातली भाषा लिहिताना असा अनुस्वार शुद्धलेखनाच्या नियमांनाही मान्य आहे. तरी एक अडचण उरतेच: ‘चिऊ’तला च आणि ‘शेणाचं’मधला च लिहायला एक, उच्चाराला वेगळे. हे मुद्दाम म्हणून दाखवावं लागतं.

त्या दिवशी शेण आणि मेण यांची अदलाबदल केली. समोर पट्टी होती, ‘काऊचं घर मेणाचं’. तो मुलगा खणखणीत आवाजात म्हणाला, “काऊचं घर शेणाचं.”

“बोट लावून परत वाच.”

परत शेणाचं. शेजारची म्हणाली, “अरे, म आहे तो!”

“पण काऊचं शेणाचंच असतं ना, बाई!”

गोष्टीच्या हिशेबाने त्याचंच खरं होतं. ‘चुकलं’ म्हणायला माझी जीभ रेटेना. ‘णाचं’ची पट्टी तशीच ठेवली आणि तिच्यापुढे एकदा ‘शे’, एकदा ‘मे’ सरकवत राहिले. काय येणार हे आता गोष्ट सांगत नव्हती. पाचव्या-सहाव्या खेपेला तो तोंड उघडण्याआधी पहिल्या अक्षराकडे बघायला लागला.

मग लेखन. प्रश्न एकच: काऊचं घर का वाहून गेलं? बहुतेकांनी ‘मोठा पाऊस आला’ ही पट्टी बघून उतरवली. याने दुरेघी वहीत लिहिलं, ‘घराला ताडपतरी नवती’. हा शब्द ना गोष्टीत, ना फळ्यावर. पावसाळ्याआधी पत्र्यांवर ताडपत्री चढते त्या गोवंडीच्या वस्तीतला हा मुलगा. त्र आणि व्ह अजून शिकवलेलेच नाहीत, तरी ऐकू आलं तसं त्याने अक्षरांत बसवलं. लाल पेन मी उचललं नाही. खाली पेन्सिलने ‘घराला ताडपत्री नव्हती’ लिहिलं, दोन्ही ओळी एकाखाली एक दिसाव्यात म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्याचं वाक्य, त्याच्याच अक्षरांत, पट्टीवर उतरवून बाकीच्या चारांत मिसळलं. पट्टी ओळखून त्याने लगेच उचलली. वाचताना मात्र ‘ता’वर थांबला, ‘ड’वर थांबला, ‘नवती’पाशी अडला आणि पुन्हा ‘घराला’पासून सुरू केलं. या वेळी बोट आणि तोंड एकाच जागी होतं.

नोंदवहीत ‘परिच्छेद वाचतो’ अजून तसंच आहे. त्याच्या जागी काय लिहावं, ते मला ठरवता आलेलं नाही.