दंडाची पावती

धडगावहून जीपने घाट उतरायचा आणि पुढे डिझेलच्या बोटीने. खाली सरदार सरोवराचं पाणी, मधेमधे वाळलेल्या झाडांचे शेंडे. शेंड्यांच्या जवळ आलं की बोटवाला इंजिन बंद करतो. पंख्यात फांदी अडकली तर सगळा दिवस वाया.

महाराष्ट्रातली ३३ गावं या धरणाने बाधित, सगळी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. काही कुटुंबं तळोदा-शहाद्याकडच्या वसाहतींत गेली. काही मात्र जसजसं पाणी चढलं तसतशी डोंगरावर सरकली. मी ज्या आजींकडे निघालो होतो त्या सरकणाऱ्यांतल्या. खालचं शेत बुडालं. वरच्या उतारावरचं नेवाड, म्हणजे जंगलात साफ करून पिढ्यान्‌पिढ्या कसलेला तुकडा, तेवढा राहिला. त्याचा वनहक्क दावा ‘पुरावा अपुरा’ एवढ्या शेऱ्यावर परत आला होता.

वनहक्क कायदा २००६ चा. आदिवासी माणूस १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असेल तर ती त्याच्या नावे व्हावी, चार हेक्टरपर्यंत. नियमांप्रमाणे किमान दोन पुरावे लागतात. आमच्याकडे एकच होता, गावातल्या एका म्हाताऱ्याचा जबाब.

ओट्यावर बसून मी कागद मागत गेलो. रेशनकार्ड? नवं. मतदार ओळखपत्र? २००५ नंतरचं. घरपट्टी? "घर पाण्यात, पट्टी कशाची?" आजी म्हणाल्या. तासभर हेच चाललं. खरं तर वनहक्काचे दावे भरून देण्याच्या कामाला लागलो तेव्हा पहिला धडाच हा मिळाला होता की कागद मागू नका, दंड कधी भरला ते विचारा. मी तो साफ विसरलो होतो. शेवटी वनहक्क समितीच्या अध्यक्षांनी पावरी बोलीतून तेच विचारलं आणि आजी एकदम गप्प झाल्या.

मग उठून आत गेल्या. कणगीत कोपरापर्यंत हात घालून ज्वारीतून प्लास्टिकची पुरचुंडी काढली. आत तीन पावत्या. कार्बन कागदाच्या निळ्या अक्षरांत त्यांच्या मालकाचं, म्हणजे नवऱ्याचं नाव, ‘अनधिकृत लागवड’ आणि रक्कम पन्नास रुपये. एकीवरचं साल पाण्याने पुसलेलं, दुसरीवर १९९६ स्वच्छ.

"पोलीस येतील म्हणून लपवल्या," त्या म्हणाल्या. "फाडायचा धीर नाही झाला. शेळी विकून भरलेला दंड."

वनजमिनीवर लागवड केली म्हणून झालेला दंड हा ती लागवड तेव्हा होती याचा सरकारी दाखला ठरतो, हे त्यांना समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. "म्हणजे तेव्हा चोर, आणि आता त्याच कागदावर मालक?" मी हो म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

दुपारी जीपीएस घेऊन हद्द फिरलो. आजी अनवाणी पुढे आणि मी धापा टाकत मागे. वरच्या अंगाला दगडी बांध होता, कमरेएवढा, दगडांच्या फटींत जाड मुळं घुसलेली. असा बांधही नियमांत पुरावा म्हणून चालतो. त्याचं माप घेतलं, फोटो काढले, पंचनाम्यात लिहिलं. एका कोपऱ्यावर उपग्रहच सापडेनात. आजी मोहाच्या झाडाला टेकून म्हणाल्या, "तुझं यंत्र शोधतंय तोवर सांगते, हद्द इथंच आहे."

अर्जात पती-पत्नी दोघांची नावं लागतात. मालक वारलेले, त्यामुळे त्यांचं एकटीचंच नाव घातलं. ते त्यांनी दोनदा वाचून घ्यायला लावलं.

खरी अडचण झेरॉक्सची. मशीन धडगावला, आणि पावत्या हातातून सोडायला आजी तयार नाहीत. शेवटी त्याच बोटीत बसल्या. दुकानात मशीनचं झाकण बंद झालं तसा त्यांनी त्यावर हात ठेवला आणि दिवा सरकून जाईपर्यंत काढला नाही. मग तिन्ही पावत्या मोजून पदरात बांधल्या आणि मला विचारलं, "आता ज्वारीतच ठेवू ना?"