बर्फात जादा पेट्रोल न्यायचं म्हणजे: स्नोमशीनवरचा माझा अनुभव

खरं सांगू, मला वाटलं होतं यात काय एवढं, पेट्रोल तर न्यायचंय. 2014 ला मित्रांबरोबर बुलेटवर लेहला गेलो होतो तेव्हा टांडीच्या पंपावर तो फेमस बोर्ड होता, पुढचा पंप 365 किलोमीटरवर, आणि आम्ही पाच पाच लिटरचे दोन कॅन कॅरियरला सुतळीने बांधून निघालो होतो. तर त्या जोरावर मी इकडे अलास्कात आल्यावर स्वतःला एक्स्पर्ट समजत होतो. फेअरबँक्सला सहा वर्षं झाली, चार हिवाळे गाडीतून ऑफिस आणि ऑफिसातून घर एवढंच केलं, पाचव्या हिवाळ्यात सेकंडहँड स्नोमशीन घेतली. (इकडे स्नोमोबाईल म्हणालात की लोक समजतात हा बाहेरचा आहे. अलास्कात स्नोमशीनच म्हणतात. पुढे दोन स्की आणि मागे फिरता पट्टा असलेली, बर्फावर चालणारी गाडी. बर्फ बनवायचं मशीन नाही, आईला तसंच वाटलं होतं.)

मशीन फोर-स्ट्रोक, रुंद पट्ट्याची, सामान ओढायला बनवलेली, टाकी साधारण 45 लिटरची. आमच्या गल्लीत एक सत्तरीचे गृहस्थ राहतात, आयुष्य इथल्याच बर्फात गेलेलं. इकडे सगळे सगळ्यांना नावानेच हाक मारतात, मीही मारतो, पण घरी आम्ही त्यांना काकाच म्हणतो तर इथेही काकाच. काका म्हणाले फेब्रुवारीच्या शेवटी डेनाली हायवेवर जाऊ. हा रस्ता कँटवेल ते पॅक्सन, 135 मैल म्हणजे 217 किलोमीटर. 1957 ला सुरू झाला आणि 1971 ला पार्क्स हायवे पूर्ण होईपर्यंत डेनाली पार्कला गाडीने जायचा तेवढाच एक रस्ता होता. आता हिवाळ्यात त्यावरचा बर्फ काढतच नाहीत, ऑक्टोबरपासून मे पर्यंत रस्ता बंद, मग तो आपोआप स्नोमशीनवाल्यांचा होतो. मधे एक-दोन लॉज आहेत पण आधी फोन करून ठरवल्याशिवाय तिथल्या पेट्रोलवर विसंबायचं नाही असं काकांचं मत, कारण त्यांनाही ते आपल्यासारखंच ओढून आणावं लागतं.

प्लॅन असा होता की कँटवेलहून मॅक्लारेन नदीपर्यंत जायचं, तिथे तंबूत एक रात्र आणि परत. एका बाजूने 93 मैल, म्हणजे 150 किलोमीटर, जाऊन येऊन 300. मी घरासमोर चेना नदीवरच्या टणक ट्रेलवर मायलेज काढून ठेवलं होतं, लिटरला 6.8 किलोमीटर. 300 भागिले 6.8 म्हणजे 44 लिटर. टाकीच 45 ची! मी काकांना म्हटलं एक छोटा कॅन घेतला तरी पुष्कळ झालं. काका काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले दोन पाच गॅलनचे घे आणि सीटच्या मागे टनेलवर, म्हणजे पट्ट्यावरच्या पत्र्याच्या झाकणावर, क्लिक करून बसतो तो छोटा चपटा कॅन, कॅडी, तोही घे. म्हणजे 19 अधिक 19 अधिक 11. टाकी धरून 94 लिटर. मला वाटलं म्हातारा घाबरट आहे.

पहिली ओरड पेट्रोल पंपावरच खाल्ली. मी पिकअपच्या मागच्या बाजूला कॅन ठेवून तिथेच नोझल घालत होतो, तर काका लांबून ओरडत आले. पिकअपच्या हौद्याला प्लास्टिकचं अस्तर असतं, त्यावर ठेवलेल्या कॅनमधे स्टॅटिक साठतं आणि ते जमिनीत उतरायला वाट नसते, त्यात इथली थंडीतली हवा एवढी कोरडी की दरवाज्याच्या कडीलाही चटका बसतो. कॅन खाली जमिनीवर ठेवायचा, नोझल कॅनच्या तोंडाला टेकवून भरायचं. आपल्याकडे पंपावर बाटलीत पेट्रोल देत नाहीत म्हणून आपण भांडतो, पण कारण कधी विचारत नाही.

दुसरं म्हणजे काठोकाठ भरायचं नाही. मी रॉकेलच्या रांगेत वाढलेला माणूस, मापात एक थेंब कमी आला तरी जीव जातो. पण पेट्रोल एका डिग्रीला साधारण हजारात एक भाग एवढं फुगतं. उणे 30 ला गच्च भरलेला 19 लिटरचा कॅन चुकून गरम गॅरेजमधे आणला आणि तो 20 ला गेला तर जवळजवळ एक लिटर जागा जास्त लागते, मग कॅन ढोलकीसारखा टम्म आणि बूच उघडलं की कारंजं. उलटंही होतं, पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथून आलेलं पेट्रोल बाहेर उणे 28 मधे गार झालं की आक्रसतं आणि सकाळी बघतो तर कॅनची पोटं आत गेलेली, उपाशी माणसासारखी. आणि तीच मशीन गरम गॅरेजमधून आत बाहेर केली की टाकीत पाणी धरतं, ते फिल्टरमधे गोठतं. त्यासाठी इकडे हीट नावाची छोटी बाटली टाकतात, पिवळी येते ती मिथेनॉलची, लाल येते ती आयसोप्रोपिलची. काकांचं मत लाल.

आता ठेवायचं कुठे. मला सगळं मशीनवरच मागे लादायचं होतं. काकांनी अंगणातच प्रयोग करायला लावला, दोन्ही कॅन मागे बांधले आणि म्हणाले वळवून दाखव. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास, दोन कॅन म्हणजे 28 किलो नुसतं पेट्रोल, वर कॅडी. सगळं वजन मागे गेलं की पुढच्या स्की हलक्या होतात, हँडल वळवा नाहीतर नका वळवू, मशीन सरळच जाते. मी थेट शेजाऱ्यांच्या बर्फाच्या ढिगात. म्हणून मशीनवर फक्त कॅडी, आणि मोठे कॅन मागे ओढायच्या प्लास्टिकच्या बिनचाकी घसरगाडीत, म्हणजे स्लेडमधे. स्लेडमधे कुठे ठेवायचे हे काकांनी सांगितलं होतं, पेट्रोल मागे, खाणं झोपणं पुढे. मी नीट ऐकलं नाही. वजन पुढे असलं की स्लेड मागून झुलणार नाही असं माझं स्वतःचं इंजिनियरिंग, म्हणून मी कॅन पुढे, हुकाच्या पट्टीला लागून ठेवले, शेजारी स्लीपिंग बॅग कोंबली, वरून पट्टा करकचून आवळला आणि ताडपत्री टाकली.

निघालो सकाळी, उणे 28. आदल्या दोन दिवसांत बर्फ पडला होता, ट्रेल म्हणजे नुसती मऊ गादी. काकांची मशीन जुनी टू-स्ट्रोक, ते पुढे, मी त्यांच्या चाकोरीत. डावीकडे अलास्का रेंजचे डोंगर उन्हात एवढे स्वच्छ की खोटे वाटावेत. मजा येत होती पण पेट्रोलचा काटा काही मजेत नव्हता. सुसित्ना नदीच्या पुलाला पोचलो, 56 मैल, 90 किलोमीटर. काका म्हणाले थांब, मोज. काट्यावर भरवसा नाही, कॅडीतलं 11 आधीच रस्त्यात टाकीत रिकामं केलं होतं (हाही त्यांचाच नियम, टाकीत जागा झाली रे झाली की डब्यातलं आधी ओतायचं, स्लेड तुटून मागे राहिली किंवा कॅन फुटला तरी टाकीतलं तरी आपलं), तर हिशोब केला, 22 लिटर गेलं होतं. लिटरला 4.1. म्हणजे माझे 6.8 घरासमोरच्या नदीवरच राहिले. मऊ बर्फ आणि मागे ओढणारी स्लेड, दोन्हीनी मिळून मायलेज खाल्लं.

आणि मग ताडपत्री काढली तर वास. असा भपकारा आला की पोटात गोळाच. हुकाची पट्टी आतून ज्या बोल्टने बसवलेली होती त्या बोल्टचं डोकं 90 किलोमीटर कॅनच्या तळाला घासत होतं. टाचणीएवढं भोक. पट्टा जितका आवळला तितका कॅन बोल्टवर दाबला गेला. 10 लिटर गेलं होतं, त्यातलं बरंचसं माझ्या स्लीपिंग बॅगेत.

उरलेलं 9 लिटर घाईघाईने टाकीत ओतायला गेलो, तिथे अजून एक गंमत. 2009 पासून अमेरिकेत जे पेट्रोलचे कॅन विकतात त्यांची वाफ बाहेर जाऊ नये म्हणून नियम आहेत, त्यामुळे नव्या कॅनना ती दाबून धरायची, सोडली की आपोआप बंद होणारी तोटी असते आणि मागे बहुतेकदा वेगळं हवेचं भोक नसतं. नियम चांगलाच आहे, पण उणे 28 मधे त्या तोटीची स्प्रिंग बर्फाने अडकली, उघडीच राहिली, आणि पेट्रोल नरसाळ्याऐवजी माझ्या हातावर. हातात लोकरीचे पातळ मोजे. पेट्रोल उणे 28 ला गोठत नाही, पातळच राहतं, पण असतं उणे 28 चंच, वर उडून जाताना अजून गार करतं. दहा सेकंद लागले असतील. काकांनी मोजे ओढून काढले, हात त्यांच्या जाकिटाच्या आत काखेत धरला, दोन बोटांची टोकं मेणासारखी पांढरी झाली होती. नंतर फोड आले, साल गेली, अजूनही थंडीत त्या दोन बोटांना आधी कळतं.

काकांच्या हातात काय तर मासेमार घालतात ते नारिंगी रबरी कोपरापर्यंतचे मोजे, आत लोकर. बारा-पंधरा डॉलरची वस्तू. आणि त्यांचे कॅन सगळे जुने, हवेचं भोक असलेले, आणि वर एक नळी, टोकाला तांब्याचा वॉल्व्ह, ती कॅनमधे खालीवर हलवली की आपोआप ओढ धरते. आपल्याकडे तोंडाने ओढून पेट्रोल काढायचे आणि मग दिवसभर थुंकत बसायचे, ते आठवलं.

तर पुलावर उभं राहून हिशोब. 94 मधून 22 गेलं, 10 सांडलं, उरलं 62. मॅक्लारेनला जाऊन इथे परत यायला 120 किलोमीटर, इथून कँटवेल 90, एकूण 210. 4.1 ने 51 लिटर. मी म्हटलं बघा, 11 उरतात, चला. काका म्हणाले एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश जे माहीत नाही त्याला, तुझे 11 हे काही तृतीयांश नाहीत. मी म्हटलं तुमच्याकडे आहे की जास्तीचं. तर म्हणाले माझं टू-स्ट्रोकचं ऑईल माझ्या पेट्रोलला मोजून आणलंय आणि माझं पेट्रोल मला मोजून, तुला दिलं तर दोघं अडकू. शिवाय ही पेट्रोलची बॅग घेऊन तू तंबूत शेगडीजवळ झोपणार आहेस का? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बॅग स्लेडच्या मागच्या टोकाला उघड्यावर बांधली आणि फिरलो.

येताना आमचीच चाकोरी रात्री गोठते तशी दुपारीच टणक झालेली, स्लेडही हलकी, 90 किलोमीटरला फक्त 16 लिटर लागलं. 46 शिल्लक. कँटवेलला गाडीत सामान चढवताना मी कुरकुरलो, बघा, आरामात झालं असतं. काका म्हणाले, हे तुला आत्ता कळलं, पुलावर कळलं नव्हतं. राग आला होता तेव्हा.

मग तीन आठवडे गॅरेजमधे तयारी. स्लेडमधल्या बोल्टांची डोकी वर येणार नाहीत अशी सपाट बसवून घेतली, नट बाहेरच्या बाजूला, तळाला प्लायवूड आणि त्यावर जुनी योगा मॅट (बायकोची, तिला विचारून). कॅन उभे, मागे, एकमेकांना घासू नयेत म्हणून मधे मॅटचाच तुकडा. रॅचेटचे पट्टे काढून टाकले, त्यांच्यात बर्फ जाऊन दातेच हलत नाहीत, साधे बकलचे पट्टे लावले, आणि दर तासाला थांबून हात घालून कॅनचे तळ चाचपायचे हे ठरवलं. स्लीपिंग बॅग टाकून दिली, तीन वेळा धुतली तरी वास जाईना. नारिंगी मोजे दोन जोड, एक जोड कायम स्लेडच्या वरच.

मार्चच्या मध्याला परत गेलो, दिवस आता बारा तासांचा, थंडी उणे 15, ट्रेल बऱ्यापैकी दाबलेला. या वेळी काकांनी एक नवीन केलं, जाताना सुसित्नाच्या पुलाजवळ माझा एक भरलेला कॅन उतरवला, पुलाच्या टोकाला खांबाशी बांधला, वर लाल रिबिन, आणि जीपीएसवर खूण केली. परत येताना लागेल तेव्हा लागेल, तोपर्यंत ओढायचं कशाला. आधी मला भीती वाटली कोणी नेलं तर. काका म्हणाले म्हणून तर तो हिशोबात जास्तीचा धरलाय, त्याच्याशिवायही परत पोचतोस का ते बघ. बघितलं, पोचत होतो.

मॅक्लारेनला दुपारी चारला पोचलो. नदी गोठलेली, वर पूल, लांब हिमनदीचं तोंड. काकांनी चहा केला, मी टाकीत काठी घालून पेट्रोल बघितलं, नारिंगी मोजे घालून.

दुसऱ्या दिवशी पुलाजवळचा कॅन जिथल्या तिथे होता, न उघडताच परत आणला. एकूण लागलं 60 लिटर, उरले 34. काकांनी वहीत आकडा लिहिला, बाकी काही बोलले नाहीत. ते 34 लिटर मी गाडीत ओतलं आणि तीन आठवडे ऑफिसला गेलो. मोजे मात्र अजून बाहेर ओट्यावरच वाळत असतात, घरात आणायची परवानगी नाही.