उद्यमनगरातल्या बुशपासून हुपरीच्या पैंजणापर्यंत : आमची वाटचाल

ईबे, अ‍ॅमेझॉन, एट्सी अशा ऑनलाइन बाजारपेठांवर माल विकणाऱ्यांना दुकानाची पानं तयार करून देणं हा आमचा धंदा. ऑफिस राजारामपुरीत. कोल्हापुरात बसून असा धंदा चालतो याचं बाहेरच्या लोकांना अजून नवल वाटतं. खरं तर तो इथंच चालायला हवा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ओतकाम होतं, उद्यमनगरात लेथ फिरतात, सुभाषनगरात चपला शिवल्या जातात, हुपरीत चांदी घडते. माल तयार करणारा हाताच्या अंतरावर असला की त्याच्याबद्दलचं पान चांगलं होतं, हा माझा ठाम अनुभव आहे.

आमची सुरुवात फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांनी झाली. मी कोरल ड्रॉवर डिझाइन करायची, मामेभाऊ वेबसाइटची कामं घ्यायचा. एका टेबलावर दोघांचे दोन संगणक. त्या काळात उद्यमनगरातले एक मालक आमच्याकडे आले. जुन्या मोटारसायकली आणि स्कूटरचे सुटे भाग ते ईबेवर परदेशात विकायचे. बुलेट, व्हेस्पा, लॅम्ब्रेटा. इंग्लंडात, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात जुन्या गाड्या हौसेने पुन्हा उभ्या करणारी माणसं आहेत आणि त्यांना लागणारे कितीतरी भाग आता आपल्याकडेच बनतात. मालकांना ऑर्डरी येत होत्या. त्यांचं दुखणं वेगळं होतं. "ताई, माल एक नंबर हाय. पर गिऱ्हाईक रोज तेच तेच इचारतंय, आणि मग बसत न्हाई म्हणून परत पाठवतंय."

परत येणं किती महागात पडतं हे या धंद्यातल्या माणसालाच कळेल. माल वर्णनाशी जुळत नाही असं ग्राहकाने नोंदवलं की परतीचा खर्च विकणाऱ्याच्या अंगावर येतो. पितळेच्या एका बुशची, म्हणजे दांड्याभोवती बसणाऱ्या छोट्या नळीची, किंमत ती काय, आणि लंडनहून कोल्हापूरला येणारं पार्सल केवढ्याचं! ते परत मागवण्यापेक्षा पैसे देऊन बुश सोडून दिलेला बरा.

त्यांना हवं होतं टेम्प्लेट. ईबेवर मालाच्या वर्णनाच्या चौकटीत एचटीएमएल, म्हणजे वेबपान मांडायची भाषा, चालतं. त्यामुळे वर दुकानाचं नाव आणि चित्र, बाजूला मालाचे प्रकार, मध्ये वर्णन, खाली पाठवणीची माहिती, असा एक कायमचा साचा करता येतो. त्यात रिकाम्या जागा ठेवायच्या आणि प्रत्येक नगाची माहिती तिथं भरायची. रंग, फॉन्ट, बॅनर हे करायला आम्हाला वेळ लागला नसता. पण आम्ही आधी त्यांच्याकडचे ग्राहकांचे जुने निरोप वाचायला मागितले. मालकांना ते विचित्र वाटलं, तरी त्यांनी वाचू दिले.

त्या निरोपांतून आमच्या धंद्याचा पाया सापडला. विचारणारे शेकडो, पण प्रश्न मोजकेच. माझ्या गाडीला, या सालच्या मॉडेलला बसेल का? आतला व्यास किती? आटे, म्हणजे बोल्टवरचे पीळ, कुठले? वर पॉलिश आहे की क्रोम? किती दिवसांत मिळेल? कस्टम ड्युटी कुणी भरायची? आम्ही पान त्याच क्रमाने मांडलं. सगळ्यात वर गाडीचं मॉडेल आणि साल, लगेच खाली मापांचा तक्ता, मग धातू आणि मुलामा, मग पाठवणी. दुकानाचा इतिहास, कारखान्याचा फोटो, मालकांच्या वडिलांचं नाव हे सगळं ठेवलं, पण तळाशी.

आट्यांचा विषय तर आम्हाला लेथवरच्या कामगारांनी शिकवला. जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींवर मेट्रिक आटे नसत. व्हिटवर्थ, म्हणजे इंचावर मोजलेले जुने ब्रिटिश आटे, असत, आणि बऱ्याच ठिकाणी एका इंचात २६ असे सायकल थ्रेड. मद्रासला बनू लागलेल्या बुलेटनेही तो वारसा बरीच वर्षं चालवला. त्यामुळे "बोल्ट, पाव इंच" एवढं लिहून ग्राहकाला काहीच कळत नाही. पाव इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टवर इंचाला २० आटे असतात आणि सायकल थ्रेडला २६. दिसायला दोन्ही सारखे, पण एक दुसऱ्यात जात नाही. आम्ही टेम्प्लेटमध्ये आट्यांसाठी वेगळी ओळ ठेवली आणि ती भरल्याशिवाय पान पुढे जाऊ नये अशी एक्सेल फाइल करून दिली. व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घेणारी पट्टी, लावलेला एक फोटो प्रत्येक नगाला सक्तीचा केला. हा फोटो मला अजूनही कुठल्याही बॅनरपेक्षा देखणा वाटतो. त्यात माल दिसतो, माप दिसतं, आणि मोजणारा माणूस काळजी घेतो हेही दिसतं.

परत येणारी पार्सलं कमी झाली. मालकांनी शेजारच्या गाळेवाल्याला सांगितलं, त्याने पुढच्याला. कोल्हापुरात जाहिरात अशीच होते.

मग २०१७ साल आलं. त्या जूनपासून ईबेने वर्णनातला सक्रिय मजकूर, म्हणजे पानात स्वतःहून चालणारा कोड, बंद केला. जावास्क्रिप्ट, फ्लॅश, आयफ्रेम, फॉर्म, काहीही चालणार नव्हतं. त्या काळातली बहुतेक टेम्प्लेटं, आमची धरून, याच गोष्टींवर उभी होती. टॅबवर क्लिक केलं की मजकूर बदलायचा, छोट्या फोटोवर बोट ठेवलं की मोठा दिसायचा. त्याच वर्षी वर्णनातून फोन नंबर, ईमेल आणि बाहेरच्या लिंक काढायला लागल्या. चित्रंही सुरक्षित पत्त्यावरून, म्हणजे एचटीटीपीएसवरून, द्यायची झाली. सगळ्या ग्राहकांची सगळी पानं नव्याने करायची होती. ऑफिसातले दिवे तेव्हा उशिरापर्यंत चालू असायचे.

नुसत्या सीएसएसने, म्हणजे पान कसं दिसावं एवढंच सांगणाऱ्या भाषेने, टॅब करता येतात, तसा पर्याय अनेकांनी घेतला. आम्ही टॅबच काढून टाकले. मोबाइलवर बघणारा माणूस टॅब उघडत बसत नाही, अंगठ्याने खाली सरकत जातो. म्हणून एकच उभं पान केलं, बाजूची प्रकारांची पट्टी काढली, तक्ता मोबाइलच्या रुंदीत मावेल असा दोन रकान्यांचा केला. माझं स्पष्ट मत आहे की तो नियम योग्य होता. पानं हलकी झाली, लवकर उघडू लागली, आणि दुसऱ्याच्या पानात घातक कोड घुसवणाऱ्यांची वाट बंद झाली.

पुढच्याच वर्षी, १४ ऑगस्ट २०१८ ला, ईबे डॉट इन बंद झालं. परदेशात विकणाऱ्यांना फरक पडला नाही. देशातच विकणारे आमचे ग्राहक मात्र अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टकडे गेले, आणि तिथं पानाची मांडणी बाजारपेठेचीच असते. आपलं टेम्प्लेट घेऊन जाताच येत नाही. वर्णनात थोडंफार एचटीएमएल चालायचं, तेही अ‍ॅमेझॉनने २०२१ मध्ये बंद केलं. मग आमच्यासारख्यांनी करायचं काय?

याचं उत्तर आमच्याकडे आधीपासून तयार होतं, ते त्या एक्सेलमध्ये. ऑनलाइन बाजारपेठ म्हणजे भाड्याचा गाळा. मालक कधीही शटरचा रंग बदलायला सांगेल, कधी गाळाच रिकामा करायला लावेल. गाळ्याच्या भिंतीला केलेली रंगरंगोटी तिथंच राहते. बरोबर येतो तो माल, त्याची मापं, त्याचे फोटो आणि ग्राहकांचे प्रश्न. म्हणून आम्ही प्रत्येक ग्राहकाचा एक मूळ तक्ता करतो. त्यात नगाचं सगळं खरं असतं : माप, वजन, धातू किंवा कातडं, कोण बनवतो, कसं जपायचं, काय विचारलं जातं. त्या तक्त्यातून मग ईबेचं पान निघतं, अ‍ॅमेझॉनचा ए प्लस मजकूर, म्हणजे चित्रांसकट सविस्तर वर्णन, निघतो, एट्सीचं वर्णन निघतं, व्हॉट्सअ‍ॅपचा कॅटलॉगही निघतो. तक्ता ग्राहकाच्या मालकीचा. तो आम्हाला सोडून दुसऱ्या डिझायनरकडे गेला तरी तक्ता त्याच्याबरोबर जातो. हे आम्ही पहिल्या बैठकीतच सांगतो.

चपलेचं काम आम्हाला सगळ्यात जास्त शिकवून गेलं, आणि माझं मन सगळ्यात जास्त त्यातच रमतं. कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन विकणं सोपं वाटतं, कारण नाव जगाला माहीत आहे. पण नाव माहीत असणं आणि चप्पल माहीत असणं यात फार अंतर आहे. मुंबईतल्या ग्राहकालाही कापशी आणि पुकरी या चपलेच्या प्रकारांतला फरक माहीत नसतो. पट्टा, कान, अंगठा, वेणी, गोंडा ही नावं त्याने ऐकलेली नसतात. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं कातडं पहिल्यांदा हातात आलं की त्याला वास येतो, आणि हा वास म्हणजे दोष आहे असं त्याला वाटतं. नवी चप्पल सुरुवातीला घट्ट बसते. पावसात भिजवली तर तळ फुगतो. करकर वाजते ती मुद्दाम वाजवलेली असते. यातलं काहीही पानावर नसेल तर दोन ओळींची रागाची प्रतिक्रिया ठरलेली, आणि ती वाचून कारागिराच्या घरातलं वातावरण कसं होतं ते मी पाहिलंय.

म्हणून चपलेच्या पानावर पहिलं स्थान पायाच्या मापाला. कागदावर पाय ठेवून, पेन्सिल उभी धरून कड काढायची, टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजायचं, आणि चवड्याची रुंदीही घ्यायची. हाताने शिवलेल्या चपलेत रुंदीला फार महत्त्व आहे, नुसत्या नंबरवर भागत नाही. ही कृती आम्ही चार चित्रांत काढली. इथल्या कला महाविद्यालयात शिकलेल्या आमच्या ऑफिसातल्या मुलीने ती हाताने रेखाटली, आणि इंग्रजी न वाचणाऱ्यालाही कळतील अशी काढली. दुसरं स्थान तळाच्या फोटोला. शिवण तळाशीच दिसते. चामड्याच्याच वादीने घातलेला टाका ही या चपलेची ओळख आहे आणि बहुतेक विकणारे नेमका तोच भाग दाखवत नाहीत.

अ‍ॅमेझॉनवर पहिला फोटो शुद्ध पांढऱ्या पार्श्वभूमीवरच लागतो, मालाने चौकटीचा किमान ८५ टक्के भाग व्यापायला हवा, आणि झूम चालण्यासाठी लांब बाजू १००० पिक्सेल तरी लागते. कमावलेल्या कातड्याचा मधासारखा रंग अशा पांढऱ्यावर फिका पडतो. आम्ही उत्तरेकडच्या खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात फोटो काढतो आणि पार्श्वभूमी नंतर पांढरी करतो, चपलेच्या रंगाला हात लावत नाही. फोटोत उजळ आणि घरी आल्यावर काळपट, हा ग्राहकाचा विश्वासघात आहे. एट्सीवर मोकळीक जास्त, तिथं कारागिराचे हात, रापी (कातडं कापायचं हत्यार), ऐरण सगळं दाखवता येतं. तिथल्या १३ टॅगमध्ये आम्ही ग्राहक शोधताना टाइप करेल तेच शब्द घालतो.

अ‍ॅमेझॉनच्या ए प्लस मजकुरासाठी ब्रँड नोंदवावा लागतो आणि त्यासाठी ट्रेडमार्क. पिढ्यान्‌पिढ्या चपला करणाऱ्या घराकडे स्वतःचं नाव असलेला ट्रेडमार्क नसतो. माल दुकानदाराच्या नावाने विकला गेलेला असतो. म्हणून डिझाइनच्या आधी आम्ही वकिलाकडे नेतो. काही घरांत बोर्डावर, पानावर आणि पेटीवर स्वतःचं आडनाव पहिल्यांदा छापलं गेलं ते या निमित्ताने.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरलेल्या भागातल्या मालालाच ते नाव लावण्याचा हक्क, मिळालं, महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांसाठी. तेव्हापासून आमचा एक नियम पक्का आहे. रेक्झिनची, यंत्रावर चिकटवलेली चप्पल घेऊन कुणी आलं आणि पानावर "अस्सल कोल्हापुरी" लिहायला सांगितलं, तर आम्ही काम घेत नाही. त्यापायी गेलेल्या कामांची मला खंत नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि देशभर चर्चा पेटली, तेव्हा आमच्या कारागिरांच्या पानांवर विचारणा वाढली. वाचायला आलेल्या माणसाला तिथं कोण, कुठं, कशी बनवतो हे सगळं आयतं मिळालं.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूरही सांगायला हवा. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, पुणे-बंगळुरू रस्ता काही दिवस बंद राहिला, कुरिअर थांबलं. ऑर्डरी मात्र येतच होत्या, कारण बाहेरच्या देशातल्या ग्राहकाला कोल्हापूर पाण्यात आहे हे कसं कळणार? ज्यांच्याकडे वीज आणि नेट होतं त्यांनी घरून कामाला सुरुवात केली. आधी पाठवणीचे दिवस वाढवले, मग दुकानाच्या माथ्यावर साध्या इंग्रजीत सूचना लावली, मग ज्यांचा माल भिजला त्यांची दुकानं सुट्टीवर टाकली. परदेशी ग्राहकांचे निरोप आले : घाई नाही, माणसं सुखरूप आहेत ना? काही कारागिरांना ते मी फोनवर मराठीत वाचून दाखवले. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, तेव्हा सूचनेचा मसुदा तयारच होता.

पैशांचं थोडक्यात सांगते. कारखानदाराकडून पूर्ण रक्कम घेतो, कारागिराकडून थोडी आगाऊ आणि बाकीची विक्री सुरू झाल्यावर हप्त्याने. विक्रीवर टक्केवारी घेत नाही. घेतली असती तर आम्हीही आणखी एक दलाल झालो असतो.

सध्या हुपरीच्या एका घराचं काम चालू आहे, चांदीच्या पैंजणांचं. चांदीचा फोटो काढणं अवघड, कारण ती समोरचं सगळं स्वतःत दाखवते : खिडकी, कॅमेरा, काढणाऱ्याचा सदरा. चारी बाजूंनी पांढरे पडदे लावून आमची मुलं रोज प्रयोग करताहेत. तक्त्यात वजन ग्रॅममध्ये, शुद्धता, घोट्याचा घेर, घुंगरांची संख्या आणि फासा कसा उघडतो हे भरून झालंय. राहिलाय तो आवाज. पैंजण घेणारी बाई आधी ते कानाजवळ नेऊन हलवते. म्हणून प्रत्येक जोडाचा चालतानाचा छोटा व्हिडिओ करायचा ठरलाय, मागे गाणं न लावता. त्यासाठी ऑफिसच्या आतल्या खोलीला जाड पडदे आणि सतरंज्या लावून रस्त्याचा आवाज अडवायचं काम या आठवड्यात हाती घेतलंय.