टेकडीवरचं फ्रेंच, गिरणीतलं फ्रेंच

बारावीतल्या मुलांच्या आयांचे फोन मला साधारण मे महिन्यात सुरू होतात. "लिबरल आर्ट्स म्हणजे ड्रॉइंग-बिइंग का गं?" इथपासून ते "एवढे पैसे घालून फ्रेंचच शिकायचं तर आपलं रानडे काय वाईट आहे?" इथपर्यंत. दुसरा प्रश्न अगदी रास्त आहे. नुसती भाषा यायला हवी असेल, पुढे भाषांतराची किंवा एखाद्या कंपनीत नोकरी करायची असेल, तर फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सकाळी साडेसातला जाऊन बसावं. व्याकरण पक्कं होतं, खिशाला झळ लागत नाही. हे मी आधीच सांगून टाकते. मी जे शिकले त्यात भाषा होतीच, पण बाकीचं काय होतं ते फोनवर सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आमच्या शाळेत आठवीला संस्कृत की फ्रेंच असं विचारायचे. कुठल्यात मार्क जास्त पडतात एवढाच विचार करायची पद्धत होती, आणि दोन्हीत पडायचे. मी फ्रेंच घेतलं कारण मैत्रिणीने घेतलं. दहावीनंतर पौडजवळच्या युनायटेड वर्ल्ड कॉलेजमध्ये निवड झाली आणि तिथून अमेरिकेत, व्हरमाँट राज्यातल्या मिडलबरी कॉलेजात. ही वाट कशी निघाली तेही सांगायला हवं, कारण फोन करणाऱ्या आया ते विचारायचं राहून जातात. शेल्बी डेव्हिस नावाच्या गुंतवणूकदाराने 2000 साली एक शिष्यवृत्ती सुरू केली. जगभरच्या युनायटेड वर्ल्ड कॉलेजांतली मुलं अमेरिकेतल्या ठरावीक कॉलेजांत आली तर तिथल्या आर्थिक मदतीला तिचा हातभार लागतो. पहिल्या पाच कॉलेजांत मिडलबरी होतं. ती शिष्यवृत्ती नसती तर बाबांच्या पगारात मी फार तर कॉलेजजवळच्या बर्लिंग्टनच्या विमानतळापर्यंत पोचले असते, तेही एकाच बाजूचं तिकीट काढून.

मिडलबरी हे 1800 साली सुरू झालेलं कॉलेज. गाव एवढंसं, मुलं अडीच-तीन हजार. पदवीला 36 कोर्स लागतात, त्यातले आपल्या मुख्य विषयाचे दहा-बारा. उरलेले कुठूनही उचला, फक्त थोडं विज्ञान, थोडा इतिहास, थोडी कला पदरात पडली पाहिजे. लिबरल आर्ट्स म्हणतात ते हेच. मुख्य विषय दुसऱ्या वर्षी ठरवायचा. घरी मी अर्थशास्त्र सांगून निघाले होते.

पहिल्याच आठवड्यात फ्रेंचच्या वर्गात अर्ध्या पानाचा उतारा वाचायला दिला. त्याच्यावर सव्वा तास. वर्गात पंधरा जणं, गोल बसलेली, आणि बाई दर पाच मिनिटांनी कोणाकडे तरी वळून विचारायच्या: तुला काय वाटतं? मला काय वाटायचंय? क्रियापद सबजंक्टिव्हमध्ये, म्हणजे इच्छा-शंका दाखवणाऱ्या रूपात, आहे हे दिसत होतं, ते का आहे तेही सांगता आलं असतं, आणि आपल्याकडे तेवढ्याला चार मार्क मिळतात. तिथली अमेरिकन मुलं क्रियापदाची पार वाट लावत वाटेल ते बोलायची, आणि बाई माना डोलवायच्या. मला भयंकर राग यायचा. अजूनही थोडा येतो. "काय वाटतं" विचारण्याच्या नादात ती मुलं तिसऱ्या वर्षीही नामाचं लिंग चुकवायची.

दुपारच्या जेवणाला भाषेची टेबलं असायची. फ्रेंचच्या टेबलावर बसलात की फ्रेंचच बोलायचं, वाढायला येणारा विद्यार्थीही फ्रेंचमध्येच विचारणार. उन्हाळ्यात याचंच उग्र रूप असतं. मिडलबरीच्या उन्हाळी भाषाशाळा प्रसिद्ध आहेत. जर्मनची 1915 साली सुरू झाली, फ्रेंचची त्याच्या पुढच्या वर्षी. सुरुवातीलाच एका प्रतिज्ञेवर सही करायची: इथे असेपर्यंत मी हीच भाषा बोलेन. मोडलीत तर घरी पाठवतात. त्याच आवारात रशियनवाले असतात, चिनीवाले असतात, आणि वर्षभराची जिवलग मैत्रीण जपानीला असेल तर सात आठवडे तिला फक्त हात हलवून दाखवायचा. इंग्रजी बंद, ते ठीकच. पण मराठीचं काय? नियमात मराठीला सूट नव्हती. आईला फोन करायला कोणी फासावर चढवत नव्हतं, तरी मी आपली ओढ्यापलीकडे जाऊन बोलायचे. आई विचारायची, एवढं हळू का बोलतेस, कोणी आहे का शेजारी?

फ्रेंच विभाग ज्या इमारतीत आहे तिचं नाव ल शातो. उतरतं उंच छप्पर, फ्रान्समधल्या फोंतेनब्लोच्या राजवाड्याच्या एका भागावरून बेतलेली, 1925 साली बांधलेली. वर मुलांच्या खोल्या, खाली वर्ग. व्हरमाँटच्या मेपलच्या झाडांत ती चांगलीच उपरी दिसते, आणि मला ती आवडायची. थंडीत उणे वीस तापमानात तिच्या दारात बूट आपटून बर्फ झाडताना वाटायचं, आपण फ्रान्सला पोचलोच.

दुसऱ्या वर्षी एक कोर्स घेतला, फ्रान्सबाहेरच्या फ्रेंचचा. शिकवणारे सर सेनेगालचे. मार्तिनिक आणि ग्वादलूप ही कॅरिबियनमधली बेटं 1946 साली फ्रान्सचे जिल्हे झाली, म्हणजे स्वातंत्र्य मागायच्या ऐवजी त्यांनी बरोबरी मागितली, हे तिथे कळलं. पुदुच्चेरीचा विषय निघाला तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुण्याची, माझा पुदुच्चेरीशी संबंध एका सहलीपुरता. पण सरांनी एक काम दिलं ते डोक्यात राहिलं: या कॉलेजपासून तासाभराच्या आत फ्रेंच बोलणारे लोक शोधा.

मला वाटलं थट्टा करताहेत. पण नकाशा काढून बघितला. राज्याचं नावच फ्रेंच वळणाचं, राजधानी माँटपेलिअर, शेजारचं सरोवर शाँप्लेन या फ्रेंच दर्यावर्दीच्या नावाचं, तो 1609 साली तिथे येऊन गेलेला. तासाभरावर विनूस्की नावाचं गाव. तिथे नदीकाठी लोकरीच्या आणि कापडाच्या गिरण्या होत्या आणि एकोणिसाव्या शतकात कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक प्रांतातून माणसं पोटासाठी तिथे उतरली. बायका, पोरं, सगळी साच्यावर. गिरणगाव म्हटलं की लालबाग-परळ डोळ्यांपुढे येतं, म्हणून मला ते लगेच समजलं. त्यांच्या चर्चमध्ये फ्रेंच, शाळेत फ्रेंच, घरी तर होतंच. तिथल्या एका आजींशी आम्ही बोललो. त्यांचं फ्रेंच मला निम्मं कळेना, आणि माझं ऐकून त्या म्हणाल्या, तू बाई टीव्हीवरच्यासारखं बोलतेस. शाळेच्या आवारात त्यांना लहानपणी फ्रेंच बोलल्याबद्दल चिडवायचे. पुढे त्यांनी मुलांना शिकवलंच नाही.

मग जे वाचलं ते फार वाईट होतं. 1925 साली, म्हणजे आमचा शातो उभा राहिला त्याच साली, शेजारच्या व्हरमाँट विद्यापीठातल्या हेन्री पर्किन्स नावाच्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाने राज्याची "वंशशुद्धी पाहणी" सुरू केली. ती 1936 पर्यंत चालली. "हीन" वंशावळी शोधायच्या. त्यात सापडले कोण, तर गरीब, अपंग, मूळचे अबेनाकी लोक, आणि क्वेबेकहून आलेले हे फ्रेंच बोलणारे. 1931 साली राज्यात नसबंदीचा कायदा झाला. एका टेकडीवर श्रीमंतांच्या मुलांनी पॅरिसचं फ्रेंच शिकावं म्हणून राजवाडा बांधतात, आणि त्याच साली, त्याच राज्यात, फ्रेंच आडनावाच्या गिरणीकामगाराच्या घरी पाहणी करणारी बाई वही घेऊन जाते. आमच्या कॉलेजातल्या चर्चला जॉन मीड या गव्हर्नरचं नाव होतं. त्याने 1912 साली पायउतार होताना याच विचाराची तरफदारी केली होती. ते नाव 2021 साली उतरवलं, मी बाहेर पडल्यावर.

मी अर्थशास्त्र सोडलं ते त्या सहामाहीत. बाबांना मात्र पुढच्या दिवाळीत सांगितलं.

तिसरं वर्ष फ्रान्समध्ये. सगळे पॅरिस मागतात, मी प्वातिये मागितलं, कारण तिथे थेट फ्रेंच मुलांबरोबर त्यांच्याच विद्यापीठात बसायचं होतं. ते विद्यापीठ 1431 सालचं. देकार्तने 1616 साली तिथे कायद्याची पदवी घेतली. गाव टेकडीवर, चढ-उतार दम काढणारे, बाजाराच्या चौकात नोत्र-दाम-ला-ग्राँदचा कोरीव दर्शनी भाग, आणि शनिवारी बकरीच्या दुधाचं शाबिशू चीज. खायचं इतकंच सांगते, बाकी मी शाकाहारी, माझे हाल विचारू नका.

तिथे मला काय वाटतं हे कोणी विचारलं नाही. तीनशे मुलांच्या सभागृहात प्राध्यापक दोन तास बोलतात आणि मुलं रंगीत पेनांनी लिहितात. मार्क वीसपैकी. चौदा म्हणजे चांगलेच, सोळा म्हणजे घरी फोन करावा. वीस देवाला आणि एकोणीस प्राध्यापकाला, असं तिथे गमतीने म्हणतात. निबंधाला प्रोब्लेमातीक लागतो, म्हणजे ज्याच्यावर सगळं उभं राहील असा एक नेमका प्रश्न, आणि मग तीन भागांचा आराखडा. खरं सांगते, मला हायसं वाटलं. पुण्याच्या शाळेतून गेलेल्या मुलीला शिस्त कळते.

फ्रान्सच्या तिसऱ्या प्रजासत्ताकाच्या (1870 ते 1940) इतिहासाच्या तासाला प्रत्येकाला एक एक्स्पोझे करायचा होता, वर्गापुढे वीस मिनिटं बोलायचं. मी विषय मागितला: मार्सेय, 8 जुलै 1910. आपल्याकडे मार्सेलिस म्हणतात, आणि "त्रिखंडात गाजलेली उडी" हे शब्द मी चौथीपासून ऐकत आले. वर्गात कोणालाच सावरकर हे नाव माहीत नव्हतं. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ही गोष्ट झाली, प्रश्न काय आहे?

आपल्याकडची गोष्ट साधारणपणे पकडले गेल्यावर संपते. फ्रेंच कागदांत ती तिथे सुरू होते. मोरिया जहाजावरून निसटलेला माणूस फ्रान्सच्या जमिनीवर पोचला, एका फ्रेंच शिपायाने त्याला धरलं आणि इंग्रजांच्या हवाली केलं. आश्रय मागायचा हक्क असलेल्या माणसाला प्रजासत्ताकाचा नोकर असा परत कसा देऊ शकतो? कार्ल मार्क्सचा नातू जाँ लाँगे हा वकील आणि पत्रकार. त्याने ल्युमानिते या समाजवादी दैनिकातून हे लावून धरलं. मादाम कामा पॅरिसमध्येच होत्या, त्यांचीही खटपट होती. ल्युमानितेचे जुने अंक फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, आणि वसतिगृहाच्या खोलीत जुलै 1910चं एकेक पान उलटताना मला त्या वर्षीचा सगळा खर्च वसूल झाल्यासारखं वाटलं. फ्रान्सने माणूस परत मागितला, प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. 24 फेब्रुवारी 1911 चा निकाल असा: फ्रेंच शिपायाकडून अनियमितता झाली खरी, पण इंग्रजांनी जबरदस्ती किंवा लबाडी केलेली नाही, आणि दुसऱ्या देशाच्या नोकराच्या चुकीपायी कैदी परत द्यायला लावील असा आंतरराष्ट्रीय कायद्यात नियम नाही.

सावरकरांचं पुढचं राजकारण मला बऱ्याच ठिकाणी पटत नाही, आणि पुण्यात हे वाक्य लिहिलं की दोन्हीकडून बोलणी बसतात. त्या वीस मिनिटांत त्याचा संबंध नव्हता. माझा प्रश्न होता: शिपाई चुकला तर ती चूक कोणाची, त्याची की राज्याची?

तेरा मिळाले. शेरा: तिसरा भाग कच्चा.

व्हरमाँटला परतल्यावर चौथ्या वर्षाचा प्रबंध त्या कच्च्या भागावरच लिहिला, फ्रेंचमध्ये, शातोच्या खालच्या मजल्यावरच्या खोलीत बसून. हेगच्या निकालातच एक तपशील आहे, जो पहिल्यांदा वाचताना माझ्या नजरेतून सुटला होता. जहाज मार्सेयला लागायच्या आधी, 29 जूनला, लंडनच्या पोलीसप्रमुखाने फ्रान्सच्या पोलीसखात्याच्या संचालकाला पत्र लिहून या कैद्याची कल्पना दिली होती. म्हणजे वरच्यांना सगळं माहीत होतं. धक्क्यावर धावत आलेल्या त्या शिपायाला मात्र आपण कोणाला धरलं हेच बहुधा ठाऊक नव्हतं. आरडाओरडा ऐकून त्याला वाटलं असेल, जहाजावरचाच कोणी खलाशी गुन्हा करून पळतोय. लवादाने दोन्ही गोष्टी एकाच निकालात नोंदवल्या, आणि अनियमितता लिहिली ती शिपायाच्या खात्यावर.