अ‍ॅस्पिरिनच्या शुद्धतेची नोंद: अनुमापनाचा आकडा शंभरापुढे का जातो

या टप्प्यात अ‍ॅस्पिरिनच्या संश्लेषणापेक्षा तयार पावडरीची शुद्धता तपासण्यावर भर होता. सॅलिसिलिक आम्लापासून अ‍ॅस्पिरिन बनवायला लागणारे अ‍ॅसिटिक अनहायड्राइड हे भारतात अमली पदार्थविषयक कायद्याखाली नियंत्रित रसायन असल्यामुळे ते घरी ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. सर्व काम एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली आणि फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात) केले.

कृती नेहमीचीच होती. २.० ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल, ५ मिलि अनहायड्राइड आणि फॉस्फरिक आम्लाचे काही थेंब एकत्र करून शंकुपात्र सुमारे ६० अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवले, मग उरलेल्या अनहायड्राइडचे पाणी घालून विघटन केले आणि पात्र बर्फात गार केले. द्रावण बराच वेळ ढिम्म होते. काचेच्या कांडीने आतली बाजू घासताच त्या रेघेवरून सुया फुटू लागल्या आणि पाहता पाहता सगळे पात्र दाटले. सैद्धांतिक उतारा (हिशोबाने जास्तीत जास्त मिळू शकणारे अ‍ॅस्पिरिन) २.६१ ग्रॅम, कच्चा, म्हणजे अजून शुद्ध न केलेला माल २.२ ग्रॅम, म्हणजे ८४ टक्के मिळाला.

दिसायला तो पांढराशुभ्र होता, पण फेरिक क्लोराइडच्या थेंबाने त्याचे अल्कोहोलमधील द्रावण लगेच जांभळे झाले, म्हणजे मोकळा फिनॉल गट, अर्थात न बदललेले सॅलिसिलिक आम्ल, शिल्लक होते. द्रवणांकही १२७ ते १३२ अंश असा पसरट आला, हीही भेसळीचीच खूण.

खरी गंमत अनुमापनात, म्हणजे नमुन्यातले आम्ल संपवायला किती अल्कली लागते ते मोजण्यात आहे. ०.३०० ग्रॅम शुद्ध अ‍ॅस्पिरिनला ०.१ नॉर्मल (ठरावीक तीव्रतेचे) सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली, १६.६५ मिलि लागायला हवे. कच्च्या मालाला १६.९ मिलि लागले, म्हणजे शुद्धता १०१.५ टक्के! सॅलिसिलिक आम्लाचा रेणुभार १३८ आणि अ‍ॅस्पिरिनचा १८० असल्याने तेवढ्याच वजनात सॅलिसिलिक आम्लाचे रेणू जास्त असतात आणि अल्कलीही जास्त लागते; म्हणून ५ टक्के सॅलिसिलिक आम्लाची भेसळ शुद्धता घटवण्याऐवजी आकडा साधारण दीड टक्क्याने फुगवते. धुण्यातून राहिलेले अ‍ॅसिटिक आम्ल १ टक्का असले तरी तो २ टक्क्यांनी वाढतो, आणि ओलावा मात्र तोच आकडा खाली ओढतो. त्यामुळे नेमके १०० आले तरी ते दोन चुकांच्या वजाबाकीचे असू शकतात, आणि निव्वळ अनुमापनावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. शिवाय ते थंड द्रावणात व झटपट उरकावे लागते, नाहीतर अल्कली अ‍ॅस्पिरिनमधला एस्टर बंध फोडू लागते.

उरलेल्यापैकी १.८ ग्रॅम माल कोमट अल्कोहोलमध्ये विरघळवून, कोमट पाणी घालून पुन्हा स्फटिकरूप केला, १.३५ ग्रॅम हाती आला. द्रवणांक १३४ ते १३६ अंश, अनुमापन १६.६ मिलि, फेरिक क्लोराइडने जेमतेम छटा. द्रवणांक घेताना उपकरण आधी १२० अंशांपर्यंत तापवून मगच नमुना भरलेली केशनळी (केसासारखी बारीक काचनळी) घालावी, कारण रेंगाळत तापवल्यास अ‍ॅस्पिरिनचे विघटन होऊन आकडा खाली येतो.

शुद्ध नमुन्याचा अर्धा भाग आता सिलिका जेलसह बंद बाटलीत आणि अर्धा उघड्या बशीत ठेवला आहे. ओलाव्याने अ‍ॅस्पिरिन फुटून पुन्हा सॅलिसिलिक आम्ल आणि अ‍ॅसिटिक आम्ल होते, म्हणून पावसाळ्याच्या दमट हवेत बशीतल्या भागाला व्हिनेगरचा वास कधी येतो आणि जांभळा रंग किती गडद होतो, हे पुढच्या टप्प्यात पाहायचे आहे.