पाचशेची नोट

"बँकेत दिली तर माझे गेले, दुसऱ्याला दिली तर त्याचे. आता तुम्हीच सांगा, काय करू हिचं?"

दादरच्या फूलबाजारात हारवाल्या मावशी आज पाचशेची खोटी नोट माझ्यापुढे धरून विचारत होत्या. पहाटेच्या गर्दीत कुणीतरी त्यांच्याकडे खपवून गेलं होतं.

नोट तिरकी करून पाहिली. खऱ्या नोटेतला हिरवा धागा तिरका धरला की निळा दिसतो. हा आपला हिरवाच. दोन्ही कडांना पाच तिरप्या रेघा असतात, त्या जराशा उठावदार, दृष्टिहीनांना हाताला कळाव्यात म्हणून. इथे अंगठा सरळ घसरत गेला.

मावशींना हे सगळं माहीत होतं बरं का! "पण चार गिऱ्हाइकं एकदम हात पुढे करतात, तेव्हा अंगठा कधी फिरवू?"

नियम असा की बँक खोटी नोट शिक्का मारून ठेवून घेते. पावती देते, पैसे नाही. तसे दिले तर खोट्या नोटांना बाजारच मिळेल, हे पटतं. जाणूनबुजून पुढे चालवणं तर गुन्हाच.

म्हणजे जो सरळ वागेल, त्याच्याच खिशातून पाचशे जाणार. मोठ्या दुकानात नोटा तपासायचं मशीन असतं. पाटीवर हार विकणाऱ्या बाईने काय करायचं? मोबाइलवर पैसे घ्यावेत, तर तिथेही खोटे स्क्रीनशॉट दाखवणारे आहेतच.

मी बँकेचंच सुचवलं. मावशी म्हणाल्या, "पावती घेऊन उद्याची फुलं मिळतील का?"

तुम्ही काय सांगितलं असतंत?